दया : देणे आणि घेणे

दया म्हटली की देणारा हात डोळ्यांपुढे उभा राहतो. भुकेल्याला अन्न दिले, उघड्याला वस्त्र दिले, झाली दया! पण धातुपाठात 'दय्' धातूला देणे आणि रक्षण करणे या अर्थांबरोबर घेणे हाही अर्थ सांगितला आहे. इतकेच काय, हिंसा हाही! एका धातूच्या पोटी दान आणि हिंसा एकत्र कशी नांदते? व्याकरणकारांचा अभिप्राय काहीही असो, आम्हांस याचा उलगडा जपानातील एका खडूच्या कारखान्याच्या हकीकतीत झाला.

निहोन रिकागाकु ही १९३७ साली स्थापन झालेली कंपनी फळ्यावर लिहिण्याचे खडू करते. १९५९ साली यासुहिरो ओयामा तेथील कारभार पाहत असता, बुद्धीची वाढ मागे राहिलेल्या मुलांच्या शाळेतील एक शिक्षक त्यांच्याकडे आले. आमच्या मुलींना कामावर घ्या, म्हणाले. ओयामांनी नकार दिला. शिक्षक पुन्हा आले, पुन्हा नकार. तिसऱ्या खेपेस ते म्हणाले, नोकरी नको, पण काम म्हणजे काय हे या पोरींना एकदा अनुभवू तरी द्या. तेव्हा दोघींना दोन आठवडे येऊ दिले. मुदत सरली आणि कारखान्यातले कामगारच मालकाकडे आले : यांना ठेवून घ्या, अडलं तर आम्ही सांभाळू. १९६० साली दोघी कामास लागल्या.

ओयामांना मात्र कोडे पडले. संस्थेत स्वस्थ बसून दोन घास मिळत असता या रोज कष्टायला का येतात? त्यांनी एका झेन भिक्षूला विचारले. त्याचे उत्तर ते पुढे जन्मभर सांगत राहिले. माणसाचे सुख चार गोष्टींत आहे : कोणी प्रेम करावे, कोणी वाखाणावे, कोणाच्या उपयोगी पडावे, आणि कोणाला आपली गरज वाटावी. पैकी शेवटची तीन कामावाचून मिळत नाहीत.

येथे कोणी म्हणेल, "महाराज, ज्याला आकडा वाचता येत नाही, घड्याळ कळत नाही, तो माल कसा जोखणार हो?" ओयामांनी माणूस बदलण्याचा हट्ट धरला नाही, काम बदलले. मालाच्या डब्याला जो रंग, तोच रंग वजनाला दिला. लाल डब्यातला माल लाल वजनाने तोलायचा. वेळ मोजायला वाळूचे घड्याळ ठेवले. वाळू सरली की यंत्र थांबवायचे. २०१९ साली ओयामा वारले, तेव्हा तेथील दर शंभर कामगारांत ७० हून अधिक असेच होते.

दुसरी शंका याहून अवघड. अशाने धूर्त मालकाला स्वस्तात मजूर मिळेल की नाही? मिळेल. म्हणून कामाचे पुरते मोल दिले पाहिजे. मजुरी कापून 'आम्ही आधार दिला' म्हणणे हे घेणे खरे, पण ते चोराचे घेणे. आणि ज्याच्याने कसलेच काम होत नाही, त्याचे काय? उपयोग म्हणजे केवळ मजुरी नव्हे. अंथरुणावरचे लेकरू आपल्याला ओळखून हसते. ते हसू घ्यायला आपण क्षणभर थांबतो का, एवढेच पाहावे.

ज्याला आपण जन्मभर नुसते देतो आणि ज्याच्याकडून कधीच काही घेत नाही, तो घरात असून नसल्यासारखा होतो. त्याला कोणी मारत नाही, पण हळूहळू तो मोजणीतून जातो. दयेच्या पोटातली हिंसा ती हीच, असे आम्हांस वाटते.

भाविकहो, दिंडीत असा कोणी असला तर आपण त्याला पंगतीत आधी बसवतो. चांगलेच आहे. पण एकदा पाण्याची कळशी त्याच्या हाती द्या. थोडे सांडेल, पंगत थोडी थांबेल. थांबू द्या, आणि त्याच्या हातचे पाणी प्या.