वहिनी, आधी आपला बांध

ती. सौ. वहिनी,


दादा फोनवर हसत होते, “पंचेचाळिशीत हिला इंग्लंडच्या खेड्यांचं वेड लागलंय.” हसू द्या. लेकीनं लेस्टरहून पाठवलेलं इतिहासकार हॉस्किन्सचं पुस्तक तुम्ही मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचता, मला कौतुक वाटतं. १९३० च्या दशकात हा माणूस लेस्टरच्याच व्हॉन कॉलेजात प्रौढांचे संध्याकाळचे वर्ग घ्यायचा. तेव्हा वयाचं मनावर घेऊ नका.

मात्र कुंपण, पायवाट, शेताचं नाव बघून तो गावाचं वय काढतो, ते नुसतं वाचून जमत नाही. तिथली कुंपणं पिंपरी पेंढारहून दिसायची नाहीत. आपल्या बांधावर सराव करा. सातबाऱ्यावरचा गट नंबर गटवारीनंतरचा. आधीचा सर्व्हे नंबर जुन्या फेरफारात सापडेल. मग आईच्या वयाच्या चार बायकांना विचारा, कुकडीचं पाणी येण्याआधी उसाच्या जागी काय पिकायचं, मोट कुठल्या विहिरीवर चालायची, त्या तुकड्याला काय म्हणायचे. बोलतील तसंच लिहा, शुद्ध करू नका. आणि दिवस मावळल्यावर उसाकडे एकट्या फिरकू नका. बिबट्याला इतिहासाची आवड नाही.

तिकडे चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या वह्या १५३८ पासून सुरू झाल्या. आपल्याकडे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूचा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी महाराष्ट्रभर ही दप्तरं उघडली गेली, पण ज्याला जो दाखला हवा तेवढा मिळाला की वही मिटायची. तुम्ही १९१८ चं पान मागा. शाबूत असेल, तर इन्फ्लुएंझाच्या त्या पावसाळ्यानंतर एकाच घरातल्या किती नोंदी लागोपाठ पडल्यात ते मोजा.

जुनी पानं मोडीत असतील. माझी फजिती ऐका. एका कागदावर १२४७ साल होतं. मी शक समजून ७८ मिळवले आणि आपल्या खापरपणजोबांना १३२५ त, तुघलकाच्या राज्यात नेऊन बसवलं. इतिहास संशोधकांच्या मंडळातल्या एका जाणत्यानं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, “फसली सन आहे, ५९० मिळवा.” म्हणजे १८३७. आधी सन कुठला ते बघायचं, हे तेव्हा शिकलो.

इंग्रजांशी तुलना करायचीच असेल, तर घरचंच उदाहरण घ्या. पेशवाई बुडाल्याबरोबर ब्रिटिश डॉक्टर कोट्स यानं पुण्याजवळच्या लोणीची माणसं, जमीन, कर्ज, जेवण सगळं टिपलं. त्याच लोणीकंदला नंतर समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्ये गेले. त्यांचं पुस्तक १९६० चं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. कोट्सच्या पानांवर बायका किती कमी बोलतात, ते माझ्यापेक्षा तुमच्या लवकर ध्यानात येईल.

मोडीच्या कित्त्याची वही एसटी पार्सलनं आळेफाट्यावर पाठवतोय, दादांना सांगून उतरवून घ्या. बोरू मिळाला नाही. सध्या शाईपेनानं गिरवा, आधी वरची रेघ, मग अक्षरं.

आपला,
धाकटा दीर