पाळी गेल्यानंतरची बाई

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर किंवा घाटंजी तालुक्यातली कापूस वेचणारी, पंचेचाळिशी ओलांडलेली बाई दवाखान्यात येते. "झोप नाही, अंगातून वाफा निघतात, जीव घाबरा होतो," म्हणते. रक्तदाब मोजला जातो, कॅल्शियमच्या गोळ्या हातात पडतात. वर, "वयानं होतंच, मावशी!" शेवटची पाळी कधी आली, हे बहुतेक वेळा कुणी विचारत नाही.

२००५ साली आशा ताई आल्या, जननी सुरक्षा योजना आली. गरोदर बाईची नोंद होऊ लागली, बाळंतपण दवाखान्यात होऊ लागले. हे काम मोठेच झाले. पण बाई आई होण्यापुरतीच आपल्या व्यवस्थेला दिसते, हा अन्याय आहे. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते, आणि पुढची कित्येक वर्षे ती बाई शेतात राबतच असते.

दवाखान्यातले हे अज्ञान जिवावर बेतू शकते. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून गेले, तर गर्भाशयाच्या कर्करोगाची शंका घेऊन तपासणी झालीच पाहिजे. तिथे "जाता जाता होतं असं" म्हणणे अक्षम्य आहे. दुसऱ्या टोकाला गर्भपिशवी काढण्याची घाई. बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, हे २०१९ मध्ये महाराष्ट्राने वाचले. सोबत बीजकोशही काढले, तर तिशीतल्या बाईवर रजोनिवृत्ती एका दिवसात कोसळते, आणि हाडे लवकर ठिसूळ होतात.

यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तालुक्यांतले डॉक्टर, परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी यांना हे शिकवावे. २००२ च्या अमेरिकी अभ्यासानंतर रजोनिवृत्तीच्या त्रासावर दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांची जी धास्ती बसली, तीही तिथे नीट तपासली जावी: साठीच्या आतल्या, त्रास सोसणाऱ्या निरोगी बाईला त्यांचा बहुधा फायदाच होतो, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या बाईला मात्र त्या सहसा देत नाहीत. आशा ताई तिशीपुढच्या माणसांच्या आरोग्य तपासणीचा अर्ज घरोघरी भरतातच. त्याच भेटीत त्यांनी पाळीचे, झोपेचे, लघवीच्या जळजळीचे विचारावे, आणि कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या बाईला तिच्याच बोलीत विचारावे. या वाढीव कामाचा मोबदला त्यांना वेगळा मिळायला हवा.