गर्दी म्हणजे कोण?

सरकारी दवाखान्यात एवढी गर्दी का, असं विचारलं की शहाणी माणसं सांगतात : खेड्यापाड्यातून लोंढे येतात. झालं, पेशंटच गुन्हेगार ठरला. आम्ही विचारतो, हा लोंढा बोलावला कुणी? इमारती चढवायला, गटारात उतरायला हीच माणसं लागतात. तेव्हा त्यांना कुणी गर्दी म्हणत नाही. हात मोजून घेतात. तेच हात तापानं फणफणले की मोजदाद बंद.

मुंबईचंच बघा. नायर १९२१ चं, के.ई.एम. १९२६ चं, दोन्ही जुन्या शहरात. १९५१ ला मुंबईत ३० लाखांच्या आसपास माणूस होतं. २०११ च्या शिरगणतीत १ कोटी २४ लाख, त्यातले ९३ लाख उपनगरात. माणूस तिकडं ढकलला, मोठे दवाखाने इकडंच राहिले. वस्तीतल्या दवाखान्यात तपासणी नाही, औषध अर्धं. मग गोवंडीचा खोकला लोकल बदलत परळला येतो.

नवी इमारत बांधतात, कोनशिला बसते. पण खाट म्हणजे नुसतं लोखंड नव्हे. खाट म्हणजे तीन पाळ्यांतली सिस्टर, वॉर्डबॉय, आयाबाई, सफाईवाला. गिरणीत साच्यावर माणूस नसला तर साचा बंद ठेवतात. इथं माणूस नसला तरी खाट चालूच. रिटायर झालेल्याची जागा वर्षानुवर्षं रिकामी. भरलीच तर कंत्राटावर. आणि झाडू मारायचं कंत्राट कुठल्या जातीच्या वाट्याला येतं, ते सांगायला नको.

जमिनीवर गादी टाकलेला पेशंट सिस्टरवर खेकसतो, सिस्टर त्याच्यावर. दोघांचा राग खरा, माणूस चुकीचा. ज्याच्या सहीवाचून जागा रिकामी राहते, तो त्या वॉर्डात नसतो. त्याची आई त्या रांगेत नसते. ज्याला रांगेत उभं राहायचं नाही, त्यानंच रांगेची लांबी ठरवायची, ही कुठली नीती?

१९९२ साली बंगालमध्ये शेतमजूर संघटनेतला एक माणूस रेल्वेतून पडला, डोक्याला मार बसला. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला परत लावलं. १९९६ ला सुप्रीम कोर्टानं सुनावलं : पैसा नाही ही सबब चालणार नाही, वेळेवर उपचार न देणं म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क मोडणं.

तेव्हा दोस्त हो, रांगेत पुढच्याशी भांडू नका. माहितीचा कायदा २००५ पासून हातात आहे. लेखी विचारा : या वॉर्डात मंजूर माणसं किती, कामावर किती? आमची मोजदाद पुष्कळ झाली. आता त्यांची करू.