एका ‘सारखा’चे अंतर

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या चिरंजीवांच्या हातून लोणच्याची बरणी फुटली. मी ओरडलो, “नुसता रेडा आहेस!” त्याची आजी म्हणाली, “असं रेड्यासारखं घुसू नये, बाळा.” मुलगा माझ्याशी बोलला नाही, केरसुणी घेऊन आजीच्या मदतीला मात्र गेला.

तेव्हा मला शाळेतले व्याकरण आठवले. आजीची ती उपमा, माझे ते रूपक. ‘सारखा’, ‘जसा’, ‘प्रमाणे’ दिसले की उपमा, अशी खूण आपण पाठ केलेली असते. पण ती पुरी पडत नाही. ‘बाळ सारखा रडतो’ यात ‘सारखा’ आहे, उपमा नाही. ‘धाकटा थोरल्यासारखा दिसतो’ हीही उपमा नव्हे. दोघे भाऊच, म्हणून ती नुसती तुलना. खरी खूण मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त सांगून ठेवली आहे : दोहोंतला भेद राखून साम्य दाखवते ती उपमा, तो भेदच पुसून टाकते ते रूपक.

भेद राहिला, की प्रश्नाला जागा राहते. ‘रेड्यासारखा’ म्हटले, तर ‘कशात?’ असे विचारता येते. ‘घुसण्यात’ हे उत्तर मिळाले, की तेवढे सुधारता येते. पण जो रेडाच ठरला, त्याने सुधारायचे काय?

करवतीचे दात, माठाचा गळा ही रूपके वापरून वापरून झिजली. त्यांनी कुणाला दुखवले नाही. परंतु ‘मुलगी म्हणजे परक्याचे धन’ हेही रूपकच होते. पिढ्यानपिढ्या बोलून ते इतके अंगवळणी पडले, की ते रूपक आहे हेच लोक विसरले. मुलीला त्यांनी खरोखरच धनाप्रमाणे वागवले : जपले आणि देऊन टाकले. ‘धनासारखी’ म्हटले असते, तर एखादीने तरी विचारले असते, “कशात?”

मग रूपक टाकून द्यावे काय? छे! बाळाला ‘माझा सोन्या’ म्हणण्याऐवजी ‘सोन्यासारखा आहेस’ म्हणून कोणत्या आईचे समाधान होईल? मायेला अंतर खपत नाही. रागाला मात्र ते असावे.

नरक चतुर्दशीला पहाटे मुलाला उटणे लावताना मी म्हणालो, “त्या दिवशी मीच रेड्यासारखा वागलो रे.”

“कशात, बाबा?”

“रेकण्यात,” मी म्हणालो. तेव्हा कुठे तो हसला.