करंड्यात करंडा

नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षावाल्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हटलं तर तो क्षणभर विचारात पडतो. ‘स्तूप’ म्हटलं की ‘बसा’ म्हणतो. गेल्या हिवाळ्यात शेजारची मुलगी माझ्यासोबत तिथे आली होती. इतिहासात एम.ए. करते, सोपाऱ्याच्या बंदरावर काहीतरी लिहायचं म्हणत होती. विटांच्या त्या ढिगाऱ्याजवळ उभ्या उभ्या तिने मोबाइलवर या जागेवरचा एक अलीकडचा शोधनिबंध शोधून काढला. सारांश दिसला. त्याखाली निबंधाऐवजी किंमत होती, चाळीस डॉलर. “काका, ज्या जागेवर आपण उभे आहोत तिच्याबद्दल वाचायला साडेतीन हजार?” मी काय उत्तर देणार? “घरी चल, तुला याच्यावरचा जुना निबंध देतो,” एवढंच म्हणालो.

जुना म्हणजे १८८२ चा. त्या वर्षीच्या एप्रिलात, ईस्टरच्या सुमारास, जुनागढहून मुंबईत येऊन डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खणलं. मधोमध विटांच्या कोनाड्यात एक गोल दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती कडं धरून बसलेल्या आठ छोट्या बुद्धमूर्ती. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुलं आणि यज्ञ सातकर्णीचं एक चांदीचं नाणं. एवढ्या सगळ्या झाकणांच्या तळाशी काय होतं? मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कोणीतरी जपलेल्या. मला स्वतःला त्या सोन्यापेक्षा या खापऱ्यांचं अप्रूप जास्त वाटतं.

भगवानलालांनी ही हकीकत त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलात छापली. ते करंडे आजही फोर्टात सोसायटीकडे आहेत. निबंधाची कॉपीराइटची मुदत केव्हाच सरली, त्यामुळे तो इंटरनेटवर कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. म्हणजे एकशे चाळीस वर्षांपूर्वीचं संशोधन मोकळं आणि परवाचं कुलुपात. ज्ञान खुलं असावं हा विचार काळाबरोबर पुढे सरकत गेला, असं आपण धरून चालतो. तो सरळ सरकलेला नाही. एक झाकण निघालं की आत दुसरं, असाच त्याचा प्रवास झाला आहे.

पहिला करंडा दगडाचा. सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला तोही १८८२ सालीच. नवव्याचा तुकडा सापडायला १९५६ उजाडलं, तो आपल्याच वसई तालुक्यातल्या भुईगावात. पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रांना जात, आपण धर्मयात्रेला निघालो, असं आठव्या लेखात अशोक सांगतो. मजकुराइतकीच मला त्याची जागा महत्त्वाची वाटते. बंदरावर, व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या वाटेवर, लोकांच्या प्राकृतात. वायव्येकडे गेल्यावर हाच राजा लिपी बदलून खरोष्ठी घेतो आणि कंदाहारला तर चक्क ग्रीक आणि अरामी भाषेत बोलतो. कलिंगातल्या लेखांत त्याने आज्ञा दिली आहे की ठरावीक तिथींना हा मजकूर लोकांना ऐकवावा. म्हणजे वाचता न येणाऱ्याचाही विचार झाला होता. लिहिलेलं चव्हाट्यावर मांडणं पुरेसं नसतं, समोरच्याच्या भाषेत मांडावं लागतं आणि वेळ पडली तर वाचून दाखवावं लागतं, हे बावीसशे वर्षांपूर्वी एका राजाला ठाऊक होतं. पुढे विद्यापीठं या गोष्टीला पारखी झाली, ती आजतागायत.

मग लिपीच विसरली गेली. दगड तिथेच, उघड्यावर, पण वाचणारा नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने कलकत्त्यात ब्राह्मी उलगडली आणि उलगडा होईल तसा तिथल्या जर्नलात छापत गेला. त्या अक्षरांचा तक्ता काठेवाडात पोरसवदा भगवानलालच्या हाती पडला, आणि तो घेऊन हा मुलगा गिरनारच्या शिळेपुढे जाऊन बसला. तो तक्ता कलकत्त्याच्या एखाद्या कपाटात पडून राहिला असता तर सोपारा कोणी खणलं असतं? अर्थात ते जग उदार होतं असं समजायचं कारण नाही. मुंबईची सोसायटी १८०४ ची, पण माणेकजी करसेटजींच्या रूपाने पहिला हिंदी माणूस तिच्यात शिरला तो १८४० मध्ये. भगवानलालांना इंग्रजीत लिहिण्याचा सराव नव्हता. ते गुजरातीत लिहीत आणि त्यांचं लेखन दुसरं कोणी इंग्रजीत उतरवून देई. सोपाऱ्याच्या मातीतलं ज्ञान असं गुजरातीतून इंग्रजीत गेलं. वाटेत मराठी लागलीच नाही.

मराठीतही याच सुमारास एक खटपट चालू होती. तिला ‘ओपन ॲक्सेस’ असं नाव कोणी दिलं नाही, पण जात तीच. १८७८ मध्ये साने, मोडक आणि शाळिग्राम यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक काढून बखरी आणि जुनी पत्रं छापायला घेतली. १८९८ पासून राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करायला सुरुवात केली. वाड्यावाड्यांतून माळ्यावरचे कागद मागताना त्यांना काय काय ऐकावं लागलं, याच्या कथा सगळ्यांना माहीत आहेत. कागद म्हणजे वतन, कागद म्हणजे इनामाचा हक्क. तो परक्याच्या हाती कसा द्यायचा? सरकारचीही भीती थोडीफार अशीच. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल बांधलेले होते आणि संशोधकाला आत पाय ठेवणं मुश्कील. अखेर रियासतकार सरदेसाईंच्या हाती ते काम आलं, आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले. त्यातला सोळावा आपल्या वसईच्या मोहिमेचा. १७३७ ते १७३९ ची ती दोन वर्षं त्या पत्रांतून वाचावीत. मोडीतले कागद बाळबोधीत छापून घेण्यामागे किती डोळे खर्ची पडले असतील, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

आता दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळाकडे येतो, कारण कुलूप खऱ्या अर्थाने तेव्हा लागलं. तोवर विद्वत्सभा आपापली नियतकालिकं वर्गणीवर चालवत. युद्धानंतर सरकारांनी विज्ञानात पैसा ओतला, निबंधांचा पूर आला आणि व्यापारी प्रकाशकांना त्यात धंदा दिसला. हा धंदा वसईच्या बागायतदाराला समजावून सांगायचा तर असा: केळी तुम्ही पिकवायची, पाणी-खताचा खर्च सरकारने सोसायचा. घड चांगला आहे की किडका, हे शेजारच्या बागायतदाराने येऊन फुकट पारखून द्यायचं. मग घड दलालाला फुकट द्यायचा आणि वर या केळ्यांवर आता माझा हक्क नाही असं लिहूनही द्यायचं. संध्याकाळी पोरं केळं मागू लागली की तेच केळं त्याच दलालाकडून, तो सांगेल त्या भावाने घ्यायचं. एल्सेव्हिअरसारख्या कंपन्या यात वर्षानुवर्षं तीस टक्क्यांहून जास्त नफा कमावत आल्या, यात नवल ते काय!

याविरुद्धची पहिली मोठी हालचाल भौतिकशास्त्रात झाली. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्गने छापण्याआधीचे निबंध सर्वांसाठी संगणकावर ठेवण्याची सोय केली, तीच आजची ‘अर्काइव्ह’. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला. संशोधन कुणालाही विनामूल्य वाचता, उतरवता, वाटता यावं, ही व्याख्या तिथे पक्की झाली. पण मला बुडापेस्टपेक्षा परळची गोष्ट जवळची वाटते. केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासूनचं. डॉ. डी. के. साहू यांनी १९९७ मध्ये मुंबईत ‘मेडनो’ ही संस्था काढली, आणि हे जर्नल, पाठोपाठ आणखी कितीतरी भारतीय वैद्यकीय नियतकालिकं, इंटरनेटवर मोकळी होत गेली. बहुतेक ठिकाणी लेखकाकडूनही पैसे न घेता. छापील अंकाची वर्गणी बुडेल अशी सगळ्यांना धास्ती होती. तसं झालं नाही, उलट परदेशातून वाचक आणि लेखक दोन्ही वाढले. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरला आपल्याकडच्या आजारांवरचं आपल्याच डॉक्टरांनी लिहिलेलं वाचता यावं, इतकी ती साधी गोष्ट होती. २०११ मध्ये मेडनो वॉल्टर्स क्लूवर या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली. इथे तयार झालेली चांगली गोष्ट इथल्या एखाद्या विद्यापीठाने किंवा सरकारने सांभाळायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

मोठ्या प्रकाशकांनी खुलेपणाशी भांडण केलं नाही, त्याची किंमत ठरवली. वाचक फुकट वाचेल, पैसे लेखकाने भरावेत. ‘नेचर’ने २०२० मध्ये एका निबंधासाठी साडेनऊ हजार युरोंचा दर जाहीर केला. आपल्या बाजूला याचंच स्वस्त आणि वाईट रूप उगवलं. बढतीसाठी निबंध हवेतच असं झाल्यावर प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲपवर ‘आठ दिवसांत छापून देऊ, प्रमाणपत्रासह’ असे निरोप येऊ लागले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीचंच शवविच्छेदन केलं, तेव्हा विद्यापीठांच्या शिफारशीने आत शिरलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात असं निघालं. मग पुण्यातूनच ‘केअर’ यादी आली. २०२५ मध्ये तीही गेली. ही हलकी जर्नलंही खुली आहेत, कुणालाही वाचता येतात, फक्त त्यात वाचण्याजोगं काही नाही.

१ जानेवारी २०२५ पासून सरकारची ‘एक देश, एक सदस्यता’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. सुरुवात केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांपासून. मी योजनेला नावं ठेवणार नाही. आयआयटीत न शिकणाऱ्या लाखो मुलांना तिच्यामुळे प्रथमच हे वाचायला मिळतं आहे. पण आमच्याकडची बहुतेक महाविद्यालयं खासगी शिक्षणसंस्थांची. सोपाऱ्यावर वीस वर्षं टिपणं काढणारा निवृत्त शिक्षक तर कोणत्याच संस्थेत नाही. विरारहून सुटणारी फास्ट लोकल नालासोपाऱ्याला थांबते तेव्हाचं दृश्य आठवा. गाडी थांबलेली, दार सताड उघडं, आणि दारातच विरारची मंडळी अशी उभी की खालच्या माणसाला पायही टेकवता येऊ नये. आत चढलेल्याला गाडी खुलीच वाटते.

चढता न आलेले मग आडवाटेने जातात. कुलुपातले निबंध प्रकाशकांच्या परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या सायहब या संकेतस्थळावरून निबंध उतरवणाऱ्यांत भारतीय कमी नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती वाट बंद करण्याचा आदेश दिला. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांच्या प्रकरणांची झेरॉक्स काढणाऱ्या दिल्लीतल्या दुकानाच्या बाजूने निकाल दिला होता, हेही लक्षात ठेवायला हवं. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही प्रकरणं निराळी आहेत, मला समजतं. झेरॉक्सच्या रांगेतला मुलगा मात्र दोन्हीकडे तोच.

या सगळ्या प्रवासात एक झाकण अजून कोणी उचललेलंच नाही, ते भाषेचं. २००९ च्या नियमांनंतर पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर ठेवणं विद्यापीठांना भाग पडलं. चांगली सोय आहे. पण आपल्याकडची वेलची केळी, सामवेदी बोली, पाचूबंदरची मासेमारी, किल्ल्यातले पोर्तुगीज दगड, यांवर इंग्रजीत लिहिलेलं ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्या घरी कधी पोचतं? मुलाखत द्यायला अंगणात चहा पाजणाऱ्या आजींना आपण पुढे ‘प्रतिसादक क्रमांक १४’ झालो, याचा पत्ताही नसतो. स्तूपाजवळून परतल्यावर शेजारच्या मुलीने तो जुना निबंध त्याच रात्री वाचून काढला आणि सकाळी दारात येऊन विचारलं, “काका, हे मराठीत नाही का?” त्यावर मला गप्प बसावं लागलं. आता ती तिच्या आजीसाठी त्यातल्या खापऱ्यांचा भाग मराठीत लिहिते आहे.

वसई-विरारवर ज्यांनी पीएचडी केली आहे, त्यांना माझी विनंती आहे. आपला प्रबंध शोधगंगेवर पूर्ण दिसतो की नाही, ते एकदा पाहा. त्यातलं सार वीसेक पानांत, साध्या मराठीत उतरवा. त्याच्या दोन प्रती काढा. एक गावच्या वाचनालयात ठेवा आणि दुसरी ज्यांच्या अंगणात बसून माहिती घेतली त्यांना नेऊन द्या. त्यांना दिसत नसेल, तर वाचून दाखवा.