राखणीस दिलेले जनावर
शास्त्रपाठ : निर्गम २२:१०-१३



शेजाऱ्याने राखावयास दिलेल्या गाढवाविषयी, बैलाविषयी व मेंढराविषयी मोशेच्या नियमशास्त्रात वेगळा नियम आहे. ते मेले किंवा त्यास इजा झाली, आणि पाहणारा कोणी नसला, तर राखणाऱ्याने परमेश्वरासमोर शपथ वाहावी व धन्याने ती मान्य करावी. हा उतारा आम्ही पुष्कळदा वाचला आणि पुढे गेलो. आमच्या वैनगंगेकडील गावांत गोवारी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या गावची गुरे राखली. नियम अशांसाठीच असावा, असे आम्हांस वाटे. एका नाताळात तो आमच्या दारी आला.

बालाघाटच्या आमच्या मंडळीतील एका वृद्ध मावशींना शस्त्रक्रियेसाठी नागपुरास जावे लागले. घरात त्यांना सोबत एका कुत्र्याची, मोतीची. त्यास आमच्या स्वाधीन करून त्या म्हणाल्या, "दोन वेळा पोळी कुसकरून द्या, वर एक उकडलेले अंडे. आपल्या ताटातले काही देऊ नका हो." आम्ही मान डोलावली.

पहिल्या दिवशी मोतीने अन्नास तोंड लावले नाही. दाराकडे पाहत पडून राहिला. नव्या घरी आलेले मोठे कुत्रे एखादा दिवस खात नाही. ते पाणी पीत असेल तर धीर धरावा. उपास दोन दिवसांवर गेला तर पशुवैद्यास दाखवावे. पिलाच्या बाबतीत मात्र इतके थांबू नये. हे आम्हांस आता ठाऊक आहे. तेव्हा वाटले, सणासुदीला कोरडी पोळी कोण खाईल? आम्ही चिन्नोर तांदळाच्या भातावर मटणाचा रस्सा ओतला, दोन हाडे ठेवली. त्याने ताटली चाटूनपुसून साफ केली. मग मुलांनी किसमिस घातलेला केकही भरविला.

मध्यरात्री वांत्या सुरू झाल्या. सकाळी पशुवैद्यांनी ताटात काय काय होते ते विचारले आणि आमची मान खाली गेली. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, किसमिसाने मूत्रपिंड निकामी होऊ शकते, शिजलेल्या हाडाच्या टोकदार चिरफळ्या होऊन आतड्यात रुततात. आम्ही एकाच जेवणात तिन्ही दिली होती!

ही दया होती काय? खरे सांगावयाचे तर, त्याचे शेपूट आमच्यासाठी हलावे, हीच आमची भूक होती. मावशींची सूचना चुकीची वाटली असती, तर विचारता आले असते. मोबाईल त्यांच्या उशाशीच होता. आजाऱ्यास त्रास नको, ही आमची सबब. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, जनावर ज्याच्या ताब्यात आहे तोही त्याचा मालकच धरला आहे. पण तो मालक जबाबदारीपुरता. आवडीनिवडी चालविण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

तीन दिवस सलाईन लागले, आणि मोती वाचला, देवाची कृपा. मग दुसरी परीक्षा आली. कुत्रा धडधाकट, खर्च आम्ही सोसलेला, पाहणारा कोणी नाही. याकोबानेही लाबानाच्या कळपाचे नुकसान आपल्याच अंगावर घेतले होते (उत्पत्ति ३१), मग सांगावयाचे कशाला? असे आम्ही घरात बोललो देखील. परंतु निर्गमातील शपथ दोघांमध्ये वाहावयाची आहे. एकट्याने पैसे भरून ती वाहिली जात नाही.

मावशी परतल्या त्या रविवारी आम्ही सगळे सांगितले, केकसुद्धा. त्या मोतीचे कान चोळीत बराच वेळ गप्प राहिल्या. मग एवढेच म्हणाल्या, "मला फोन का केला नाहीत?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

ईस्टरच्या आधी त्यांना तपासणीसाठी पुन्हा नागपुरास जावयाचे होते. दुसरे कोणी शोधले असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. सकाळी त्या मोतीला घेऊन दारात उभ्या. हाती वहीचा एक कागद, त्यावर पोळी, अंडे, वेळा, सर्व लिहिलेले, आणि खाली मोठ्या अक्षरांत नागपूरचा नंबर.