मऊ नाकाची गोळी

आमच्या घरात मांस कधी शिजले नाही, पण बंदूक होती. खानापूर तालुक्यातल्या गावी भाताची शेती, तीन बाजूंनी रान, आणि रानात डुकरे. आमचे कानडी गडी त्यांना 'काडुहंदी' म्हणत. हा शब्द उच्चारताना ते आवाज खाली आणीत. राखणीसाठी काकांना परवान्याची ठासणीची बंदूक मिळाली होती आणि देवघराच्या मागच्या खोलीत ती टांगलेली असे. आजी तिच्याकडे पाठ करून जपाला बसे. म्हणजे गोळीचा आणि धर्माचा संबंध मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यावर विचार मात्र सत्तरीला टेकल्यावर करावा लागला, आणि तोही सातासमुद्रापलीकडे.

2018 सालच्या नोव्हेंबरात मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात, मुलीकडे होतो. तिथे हरणाची शिकार हा मोठा सण. त्यांच्या 'थँक्सगिव्हिंग'नंतरच्या सोमवारी तेव्हा हंगाम सुरू होई, आणि कित्येक शाळांना त्या दिवशी सुट्टी असे. शेजारी एक सत्तरीचे सुतार राहत. एके संध्याकाळी त्यांनी मला आपल्या तळघरात नेले. सोनाराच्या दुकानात शिरल्यासारखे वाटले. तसाच दिवा, तसाच काटा, तशीच शांतता. गृहस्थ स्वतःची काडतुसे स्वतः भरीत होते.

काम असे. आधी उडवलेल्या पितळी पुंगळ्या साच्यात दाबून मूळ मापाला आणायच्या. लांबी वाढली असेल तर काठ कापायचा. बुडाशी प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टिकली, बसवायची. दारू काट्यावर तोलून घालायची, ती ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत. मग गोळी बसवून पुंगळीची कड तिच्या खाचेत वळवायची. ग्रेन म्हणजे किती, हे मी विचारले, आणि उत्तर ऐकून आपलीच भेट झाल्यासारखे वाटले. कारण आपला तोळा इंग्रजांनी 180 ग्रेनांचाच ठरवला होता. त्यांची गोळी 170 ग्रेनची. तोळ्याला जरा कमी.

बंदूक जुन्या घाटाची. चापाखाली कडी असते. ती खाली ओढून वर घेतली की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढचे काडतूस वर चढते. विंचेस्टरची 1894 सालची बंदूक याच जातीची. तिच्यासाठी 1895 साली निघालेले 'थर्टी-थर्टी' काडतूसच हे गृहस्थ भरीत होते. अशा बंदुकीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी बसतात. मागच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या टिकलीला टेकलेले. नाक टोचरे असले तर धक्क्याने आतल्या आतच बार व्हायचा. म्हणून नाक चपटे ठेवायचे. चपटी गोळी हवेत लवकर मंदावते, दीडदोनशे यार्डांपुढे तिचा भरवसा नाही. पण त्यांच्या दाट रानात हरीण शंभर यार्डांच्या आतच दिसते. अलीकडे रबरासारख्या मऊ टोकाच्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या जरा लांब जातात. यांना त्या नको होत्या. "लांबचं मारता येतं म्हटलं की माणूस लांबचं मारायला जातो," असे त्यांचे म्हणणे.

खरी गोष्ट पुढेच आहे. गोळीवर तांब्याचे आवरण, पण नाकाशी शिसे उघडे. ते मुद्दाम. अंगात शिरताच नाक अळंब्यासारखे फुलावे, जखम रुंद व्हावी आणि हरीण काही क्षणांत पडावे. आवरण पूर्ण असेल तर बारीक भोक पाडून गोळी आरपार जाते. हरीण मैलभर पळते आणि रात्रभर मरत राहते. फार मऊ असेल तर खांद्याच्या हाडावरच फुटते आणि फुप्फुसापर्यंत पोचत नाही. शिवाय वेगवान रायफलीसाठी केलेली कठीण गोळी या मंद बंदुकीत फुलतच नाही. म्हणून वजन, वेग आणि मऊपणा यांचे लग्न जुळवायचे. अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत मोठ्या जनावरासाठी फुलणारीच गोळी वापरावी असा नियम आहे.

मी म्हटले, मारण्यासाठी इतकी काळजी? ते हसले. "मारायला एवढं लागत नाही. जखमी होऊन पळालं तर शोधत हिंडायला आता गुडघे राहिले नाहीत."

ही मऊ नाकाची गोळी आपल्याकडचीच. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात 1896च्या सुमारास कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने ती लष्करासाठी केली. सरहद्दीवरचा पठाण साध्या गोळीने थांबत नाही, ही इंग्रजांची तक्रार होती. (1857च्या जानेवारीत चरबीच्या काडतुसांची कुजबुज सुरू झाली तीही डमडमलाच. या गावाच्या नशिबी काडतुसेच लिहिलेली दिसतात.) 29 जुलै 1899 रोजी हेगच्या परिषदेत ठराव झाला, की शरीरात फुलणारी गोळी युद्धात वापरू नये. ब्रिटिश प्रतिनिधीने विरोध केला. सुधारलेला सैनिक जखम झाली की आडवा होतो, रानटी माणूस धावतच येतो, असा त्याचा युक्तिवाद. 'रानटी' म्हणजे कोण, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. ब्रिटनने ठराव मानला तो 1907 साली. अमेरिकेने तो कधीच स्वीकारला नाही.

आता पेच पाहा. तीच गोळी माणसाला मारली तर क्रौर्य, हरणाला मारली तर दया. यात ढोंग आहे असे मला प्रथम वाटले. नीट विचार केल्यावर तसे वाटेना. युद्धात सैनिकाला निकामी करणे पुरते. तो जगावा, बरा होऊन घरी जावा, अशी निदान कागदावर तरी इच्छा असते. शिकाऱ्याच्या मनात हरणाने जगावे असे काही नसतेच. त्याचा मृत्यू आधीच ठरलेला; उरतो तो फक्त वेळ. वेळ कमी करणे ही दया म्हणायची का? माझी मुलगी म्हणाली, "अप्पा, मारलंच नाही तर ती वेळ शून्य होते." तिचे चूक नाही. तळघरातली ती सारी तोलामापी मनाची समजूत घालण्यासाठीही असू शकते. तरी समजूत घालणाऱ्याचा हात नेम धरताना थांबतो आणि न घालणाऱ्याचा थांबत नाही, एवढा फरक मी मानतो.

आणि दया एका ठिकाणी संपत नाही. फुललेल्या शिशाचे कण आतड्यांत विखुरतात. शिकारी आतडी रानातच टाकतात. ती खाऊन गरुड विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर नावाच्या प्रचंड गिधाडांसाठी 1 जुलै 2019पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. सगळी तांब्याची गोळी असते, पण ती फुलायला वेग लागतो, आणि या बंदुकीत तो कमी. म्हणजे हरणाचा क्षण वाचवायचा की गरुडाचा जीव? गृहस्थांनी दोन प्रकारच्या तांब्याच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या. ओल्या कागदांच्या गठ्ठ्यात मारून फुलतात का ते पाहत होते. मला हसू आले नाही. आपणही दुखणाऱ्या गाईबैलांना कळवळ्याने डायक्लोफेनॅक टोचले आणि ती मेलेली जनावरे खाऊन आपली गिधाडे गेली. 2006 साली जनावरांसाठी ते औषध बंद झाले, तोवर आभाळ रिकामे झाले होते.

आपल्याकडे 1972चा कायदा आला, 1991च्या दुरुस्तीने हौशी शिकार संपली. चांगले झाले. पण रानडुक्कर शेतात येतेच. परवानगीची तरतूद आहे, पण कागद फिरेपर्यंत पीक राहत नाही. मग कणकेच्या गोळ्यात दारू भरून बांधावर ठेवतात. डुक्कर चावते, जबडा फुटतो, आणि ते दिवसेंदिवस उपाशी हिंडून मरते. 2020च्या मे महिन्यात केरळात पालक्काड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण अशीच तोंड फुटून नदीत उभी राहून मेली, तेव्हा देश हळहळला. डुकरासाठी कोणी हळहळत नाही. आपण शिकार सोडली; तळघरातल्या त्या काट्याइतकी काळजी मात्र घेतली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्या गृहस्थांना 1961ची गोष्ट सांगितली. सुगीचे दिवस होते. काकांकडचे शिसे संपले होते, म्हणून दारूवर खिळ्यांची डोकी ठासली. ती मीच मोजून दिली होती. वय वर्षे अकरा. रात्री माळ्यावरून काकांनी भातातल्या नुसत्या सळसळीवर बार टाकला. दशरथाची गोष्ट आजीकडून शंभर वेळा ऐकलेली, तरी आम्हा दोघांनाही ती त्या क्षणी आठवली नाही. ओरडणे ऐकू आले आणि ओढ्याकडे दूर जात राहिले. चौथ्या दिवशी ओढ्यापलीकडे गिधाडे उतरली.

त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. शेवटी एवढेच विचारले, "मग मागावर किती लांब गेलात?"

आम्ही गेलोच नव्हतो. सकाळी भात कापायचे होते.